पत्रिका पाठवावी

त्या काळी डोंबिवलीत प्रत्येक लग्न दोनदा लागायचं. एकदा कार्यालयात आणि पुन्हा महिन्याभराने, कॅसेट आली की मुलाच्या घरी. दुसऱ्या लग्नाला टीव्हीसमोर सतरंजी अंथरून दोन्हीकडची मंडळी बसायची, पोहे व्हायचे, आणि आपण पडद्यावर कधी येतो याची वाट बघण्यात तीन तास जायचे. बायकोच्या मावसबहिणीकडे अशाच एका दुसऱ्या लग्नाला मी गेलो होतो. कॅसेट लागली, सनई वाजली आणि पडद्यावर खाडीत सूर्य मावळायला लागला. मी पोह्यांची बशी खाली ठेवली, उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "हा सूर्य माझा आहे."

बायकोने शर्टाला धरून मला खाली बसवलं.

पण तो खरंच माझा होता. वागळे इस्टेटमधली माझी कंपनी बंद पडल्यावर मी लग्नांचं शूटिंग करायला लागलो होतो. कळव्यात दहा बाय बाराचा गाळा, खांद्यावरचा कॅमेरा आणि कॉपी करायला दोन व्हीसीआर, एवढाच माझा स्टुडिओ. कॅसेटच्या सुरुवातीला, नवरा-नवरीच्या नावांआधी काहीतरी छानसं दाखवायची पद्धत होती. बाकीचे शूटिंगवाले गुलाब उमलताना दाखवत, तोही कुठल्यातरी परदेशी कॅसेटमधून उचललेला. मला स्वतःचं काहीतरी हवं होतं. म्हणून एका संध्याकाळी कॅमेरा घेऊन मी खाडीच्या काठावर गेलो. समोर ठाण्याच्या बाजूला, येऊरच्या डोंगरामागे सूर्य टेकलेला. नीट दिसावं म्हणून दोन पावलं पुढे टाकली आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलो. डावी चप्पल तिथे गेली ती गेलीच. तेवढ्यात एका म्हाताऱ्या कोळ्याची होडी डावीकडून आली, बरोबर सूर्याखाली आली, आणि म्हाताऱ्याने माझ्याकडे तोंड वळवून, होते नव्हते तेवढे दात दाखवत हसून घेतलं. बघणाऱ्यांना वाटायचं, म्हातारा नवरा-नवरीला आशीर्वाद देतोय. तो मला हसत होता.

तर हा सूर्य चोरणारा कोण, हे शोधायला मी दुसऱ्याच दिवशी डोंबिवलीला त्या कॅसेटवाल्याच्या स्टुडिओत गेलो. भांडायची पूर्ण तयारी होती. वाटेत दोन-चार झणझणीत वाक्यंही जुळवून ठेवली होती. तो माझ्याच वयाचा, शांत माणूस निघाला. त्याने चहा मागवला आणि सांगितलं की हा सूर्य त्याला कल्याणच्या एकाकडून मिळाला, त्याला ठाण्याच्या कुणाकडून. मी म्हणालो, हा कॉपीराइटचा मामला आहे. तो हो म्हणाला. मग सावकाश बशीत चहा ओतत त्याने विचारलं, "तू सप्तपदीला सिनेमातली गाणी टाकतोस, ती कोणाला विचारून टाकतोस रे?"

मी जास्तच चिडलो. चहा मात्र प्यालो.

घरी येऊन मी सूर्याचा बंदोबस्त केला. स्टुडिओचं नाव, पत्ता आणि 'सर्व हक्क स्वाधीन' असं जाड पिवळ्या अक्षरांत त्या चित्रावर छापलं. कोपऱ्यात छापलं तर चोर वर काळी पट्टी टाकतात, म्हणून मुद्दाम मधोमध. ही अक्षरं नेमकी म्हाताऱ्याच्या तोंडावर आली, पण मला तेव्हा तोंडाचं काय. यापुढे माझ्या कॅसेटींना हाच सूर्य. अक्षरं नसलेली मूळ कॅसेट मी कपाटात बायकोच्या शालूंच्या मधे, डांबराच्या गोळ्यांत ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. त्या दिवसापासून बायकोला साडी बदलायची तरी मला बोलवावं लागायचं. तिने यावर जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही.

पुढच्या लग्नसराईत एका दुपारी तो म्हाताराच गाळ्याच्या दारात उभा राहिला. मी त्याला लगेच ओळखलं. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा : "तुजी चप्पल गावली का रं?"

त्याच्या भाच्याच्या लग्नाची कॅसेट माझीच होती. कोळीवाड्यात सगळ्यांनी मिळून ती बघितली, आणि म्हाताऱ्याला पडद्यावर बघून जो आरडाओरडा झाला तो तोंडावर माझा पत्ता आल्यावर हसण्यात गेला. आता पोरं त्याला पत्ता विचारत फिरतात, अशी त्याची तक्रार होती. मी त्याला चोरीचं प्रकरण समजावून सांगितलं. हक्क म्हणजे काय, तेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"सूर्य तुजा हाय?" त्याने विचारलं.

नाही, मी म्हणालो.

"खाडी?"

तीही नाही.

"होडी माजी, तोंड बी माजं. मंग तुजं काय हाय यान?"

मी म्हणालो, कॅमेरा माझा, वेळ माझा, आणि चप्पलही माझीच गेली. त्यातली चप्पल तेवढी त्याने मान्य केली.

मला वाटलं, आता हा काहीतरी मागणार. त्याने अटी घातल्या. हे चित्र मागेल त्याला फुकट द्यायचं, कारण तोही फुकटच हसला होता. तोंडावर काही लिहायचं नाही. आणि तिसरी अट सांगताना तो दारातून आत येऊन स्टुलावर बसला. "ज्याच्या लग्नान मना दाखवशील त्याची पत्रिका मना येवाला पायजे. बिनबोलावता मी कुनाच्या लग्नाला जात नाय."

लाज तर वाटलीच, पण खरं सांगायचं तर मला त्याची अट एकदम पटली. मी किल्ली बायकोच्या हवाली केली. मूळ कॅसेटवरून कॉप्या काढल्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली : 'हे चित्र कोणीही वापरावे. तोंडावर लिहू नये. पत्रिका पाठवावी.' पहिली कॉपी घेऊन डोंबिवलीला गेलो. त्या शांत माणसाने चिठ्ठी दोनदा वाचली आणि पुन्हा चहा मागवला. त्यानंतर आमचं कधी भांडण झालं नाही, याचं मला अधूनमधून वाईट वाटतं.

आणि पत्रिका यायला लागल्या. कल्याणहून, डोंबिवलीहून, बाळकुमहून. शूटिंगवाले माझ्याकडे पोचवत आणि मी त्या कोळीवाड्यात नेऊन देई. म्हाताऱ्याची बायको कधीच गेली होती, घरात तो आणि त्याची दहावी झालेली मुलगी. ती पत्रिका मोठ्याने वाचायची, तो डोळे मिटून ऐकायचा, मुहूर्त दुपारचा असेल तर ऊन फार आहे म्हणायचा, आणि मग ती पत्रिका बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात जायची. एकदा तर, बोलावलंय म्हणून, तो खरोखरच डोंबिवलीच्या एका लग्नाला जाऊन पंगतीत बसला. मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचा. आहेर म्हणून त्याने कागदात बांधलेले सुके बोंबील दिले. ते घर शाकाहारी होतं. महिन्याभराने कॅसेट लागली तेव्हा पंगतीतला माणूस होडीत बसून हसतोय, हे बघून त्या घरातल्या आजोबांनी मला बोलावून घेतलं. मी चिठ्ठी दाखवली. ते म्हणाले, मग बरोबर आहे, आपणच बोलावलंय.

अशी चार-पाच वर्षं गेली. मग संगणकावरची टायटलं आली, नवरा-नवरीची नावं गिरक्या घेत यायला लागली आणि सूर्य मागे पडला. एका हिवाळ्यात म्हातारा तापाने गेला. वर्षभराने त्याच्या मुलीचं लग्न ठरलं.

ती गाळ्यात आली आणि म्हणाली, तिच्याकडे बाबांचा एकच फोटो आहे, सरकारी कामासाठी काढलेला, त्यात ते पोलिसात पकडून नेल्यासारखे दिसतात. तिला कॅसेटमध्ये हसणारे बाबा हवे होते. मी छाती पुढे काढून सांगितलं, उद्याच घेऊन जा.

घरी जाऊन शालूंच्या मधून मूळ कॅसेट काढली. झाकण उचलून बघतो तर सबंध पट्टीवर पांढरी बुरशी. डांबराच्या गोळ्यांनी शालू वाचले होते. कॉप्या तर सगळ्या वाटून झाल्या होत्या. आता माझ्या हातात म्हाताऱ्याचं जे चित्र उरलं होतं ते एकच, पिवळ्या अक्षरांचं, ज्यात त्याच्या हसण्यावर माझा पत्ता होता. जे कुलपात ठेवलं ते सडलं आणि जे चोरांच्या भीतीने खराब केलं ते टिकलं. मी पलंगावर बसून स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी बुरशी धरलेली कॅसेटच तिच्या हातात दिली. ती रडली नाही. घरी गेली आणि बिस्किटांचा डबा घेऊन आली. "यातल्या कोनाकडं तरी असंल ना, दादा?"

डबा घेऊन मी डोंबिवली गाठली. तिथल्या त्या शांत माणसाकडची (आता तो मित्रच झाला होता) कॉपी इतक्या लग्नांना फिरली होती की तिच्यात नुसत्या रेघा दिसत होत्या. मग आम्ही दोघं त्याच्या स्कूटरवरून पत्रिकांवरचे पत्ते शोधत निघालो. लोक बिचारे हौसेने कॅसेट लावायचे. सूर्य बघून आम्ही उठायला लागलो की रागवायचे, आणि मग आम्हाला लग्न संपेपर्यंत बसावं लागायचं. किती ठिकाणी पोहे खाल्ले याची मोजदाद नाही. पण ज्या त्या कॅसेटमध्ये कॉपीची कॉपी. म्हाताऱ्याच्या जागी एक गुलाबी डाग, आणि त्यात दात कुठले ते कळेना.

शेवटी डब्याच्या तळाशी असलेली सर्वांत जुनी पत्रिका मित्राने ओळखली. माझी कॉपी नवीकोरी असताना त्याने केलेलं ते पहिलं लग्न. घर डोंबिवलीतच निघालं. नवरा कॅसेट लावायला का कू करत होता, पण बायकोने लावलीच. सूर्य आला, होडी आली, म्हातारा वळला आणि हसला. दात मोजून घ्यावेत इतका स्वच्छ. मी मित्राचा हात धरला. बायको म्हणाली, पुढचंही बघा ना. मंगलाष्टकं झाली, सप्तपदीचं तिसरं पाऊल पडलं, आणि एकदम एक गोलंदाज धावत आला. लग्न पुसलं जाऊ नये म्हणून मोडलेल्या खिट्टीच्या भोकावर नवऱ्याने चिकटपट्टी लावून उरलेल्या लग्नावर क्रिकेटची मॅच घेतली होती. आम्ही कॅसेट घेऊन खाली उतरलो तरी वरचं भांडण जिन्यात ऐकू येत होतं.

तेवढं चित्र नव्या कॅसेटवर घेऊन मी मुलीला बोलावलं. ती आली, पण टीव्हीकडे बघायच्या आधी तिने पिशवीतून स्वतःच्या लग्नाची पत्रिका काढली. कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं. आत छापताना बाबांच्या नावाआधी 'कै.' लावावं लागलं होतं. वर पाकिटावर तिने तेच नाव हाताने लिहिलं होतं, 'कै.' न लावता. माझ्या टेबलावरचा डबा उघडून तिने ती पत्रिका सगळ्यांच्या वर ठेवली आणि झाकण लावलं.

"आता येल बाबा," ती म्हणाली.

मी बटण दाबलं. म्हातारा डावीकडून आला, सूर्याखाली थांबला आणि मला हसला.