दिवाळीतली जांभळं

मिठागरातल्या माणसाला बर्फाच्या कारखान्यातलं काय कळणार, असं ठाण्यात बरेच जण माझ्याबद्दल म्हणत. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. मिठाशिवाय आमच्या कारखान्यात बर्फाचा खडासुद्धा झाला नसता. सोडावॉटरच्या बाटलीत असतो तोच वायू आमचं विलायती यंत्र दाबून दाबून थंडी तयार करी, आणि ती थंडी हौदातलं खारं पाणी धरून ठेवी. साधं पाणी गोठून बसतं. खारं पाणी बर्फाहून थंड झालं तरी वाहतं राहतं. त्यात मीठ किती हवं, ते मी जिभेवर थेंब घेऊन सांगे. गोरा मिस्त्री आपल्या काचेच्या नळीने मोजून बघे आणि मुकाट्याने मान हलवी.

यंत्र या गोऱ्या मिस्त्रीच्या ताब्यात होतं. दिवाळीनंतर तो मायदेशी परतणार होता, आणि त्याची जागा मला हवी होती. कारखान्याच्या मालकांच्या, शेठजींच्या मनात मात्र मुंबईचा एक माणूस होता. मी उघडच विचारलं, तेव्हा ते हसले.

"मुंबईच्या बड्या घरांत मला दिवाळीला जांभळं पाठवायचीत," ते म्हणाले. "तोवर अख्खी ठेवून दाखव. यंत्र तुझं."

"दाखवतो," मी म्हणालो. कसं, ते अजून माहीत नव्हतं.

ज्येष्ठात डोंबिवलीकडून आगगाडीने जांभळांच्या पाट्या येऊ लागल्या. निवडायला माझी आई आणि आमच्या गावातल्या चार बायका बसल्या. पहिल्या खेपेला मी खोल डबा काठोकाठ भरून हौदात सोडला. मधली जांभळं गोठायला दिवस गेला, आणि डबा उघडून वितळू दिला तर सगळ्यांची सालं फाटून नुसता लगदा झाला. गोऱ्या मिस्त्रीने खांदे उडवले. मला राग आला, पण कारणही कळलं. जे रेंगाळत गोठतं ते फुटतं, झटक्यात गोठतं ते टिकतं.

मग मी पत्र्याचे उथळ, झाकणाचे ट्रे करून घेतले, जांभळांचा एकच थर. यंत्र निववायला खाडीचं पाणी होतं, ते उकाड्यात कोमट झालं की यंत्र कुरकुरत असे, म्हणून त्याला विहिरीचं गार पाणी जोडलं. आता तासाभरात जांभळं अशी कडक होत की ट्रे हलवला की गोट्यांसारखी वाजत. ती आई डब्यांत भरून झाकणं लावी आणि मी डबे थंड खोलीत रचून ठेवी. ते पाच महिने मी छाती काढून चाललो, हे कबूल करतो.

दिवाळीच्या आदल्या दिवशी शेठजी आले. गोरा मिस्त्री होता, आईसह निवडणाऱ्या बायकाही बघायला आल्या होत्या. मी पुढचा डबा काढून झाकण उघडलं. आत जांभळा चिखल होता.

 यंत्र एक दिवसही बंद पडलं नव्हतं, शेजारच्या भिंतीवर बर्फ चढलेला होता, मग हे झालं कसं?  मी चिखलात बोट बुडवून जिभेवर ठेवलं. खारट.

मी बायकांकडे वळून ओरडलो, "मीठ कोणी घातलं?"

"मी," आई म्हणाली. "शेवटचा डबा भरताना माज्या ध्यानात आला. मोठ्या घरांत जानार, आनि बिनमिठाची जांभला कोन खातंय?"

आमच्याकडे खरंच कोणी खात नाही. पाटी उतरली की आधी मीठ, मग जांभूळ. आईने ते मायेनेच टाकलं होतं. पण मीठ घातलं की पाणी गोठत नाही, गोठलेलंही सुटतं, हे सांगून ज्याने कारखान्यात नाव कमावलं, त्याने घरच्याच बाईला ते सांगितलं नव्हतं. चूक माझीच होती, आणि चार माणसांत ओरडलो ते आईवर. मला लाज वाटली.

"शेठ, चूक माझी," मी म्हणालो, "पण दुसरा डबा बघा." उघडून हलवला. खडखड वाजला. एकेक जांभूळ सुटं, अख्खं, वर हिमाची पांढरी भुकटी धरलेलं.

शेठजींनी एक उचलून तोंडात टाकलं. बराच वेळ गालात घोळवलं. मग त्यांचा चेहरा आंबट झाला.

"यंत्र तुझं," ते म्हणाले. "पण जरा मीठ मिळेल का रे?"

आईने पदराची गाठ सोडली. मीठ त्यात होतंच. शेठजींच्या तळहातावर चिमूटभर ठेवून ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मंग मी काय येगला केलता?"