सुमित्राबाईंचा जोर

आमच्या शेजारच्या सुमित्राबाईंनी उभा जन्म नवऱ्याला सांभाळून घेण्यात घातला. प्रभाकररावांचं समुद्रपुरात किराणा दुकान. ते गिऱ्हाइकावर खेकसले की या मागच्या दारानं जाऊन त्याच्या पोराच्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवणार, नवऱ्याबद्दल "याईचं डोकं दुखून राह्यलं होतं" म्हणणार. मला त्यांचा रागच यायचा. माणसावर इतकं पांघरूण घालू नये.

मग प्रभाकररावांना लकवा झाला आणि उजवा हात लुळा पडला. व्यायामाला रोज वर्ध्याला जाणं जमेना, तेव्हा दवाखान्यानं डब्याएवढं एक यंत्र घरी वापरायला दिलं. अशाच घरांसाठी स्वस्तात बनवलेलं. त्याच्या दांडीला हात बांधायचा आणि पडद्यावरची बादली उचलायची. हात थकेल तिथे यंत्र रेटा देतं. हातानं स्वतःचा जोर किती लावला, ते वर्ध्यात बसून व्यायाम शिकवणाऱ्या मयुरीला दिसतं.

प्रभाकररावांनी दोनदा हात घातला आणि तोंड फिरवलं. "पोरासोराईचे खेळ मले नोको."

यंत्र पडून राहिलं तर परत नेतील, ही बाईंना धास्ती. दुपारी ते झोपले की त्या स्वतःचाच हात बांधून बादल्या उचलू लागल्या.

एक दिवस मी तिथे असतानाच मयुरीचा व्हिडिओ कॉल आला. "काका, कमाल केलीत. हातात चांगलाच जोर आलाय. आता यंत्र दुसऱ्या पेशंटला देऊ या."

बाईंचा चेहरा उतरला. गप्प राहावं तर यंत्र जाणार आणि नवऱ्याचा हात कायमचा तसाच राहणार. प्रभाकरराव खाटेवरून बघत होते.

"पोरी, तो याईचा जोर नाई. माहा हाये," बाई म्हणाल्या.

मयुरीनं समोरचे आकडे पुन्हा पाहिले. मग म्हणाली, "यंत्र राहू द्या काकू. पण हात काकांचाच हवा."

बाई नवऱ्याकडे वळल्या. "आता मी काईच झाकणार नाई. करा, नाईतर नका करू." आणि सरळ दुकानात जाऊन साखरेच्या पुड्या बांधत बसल्या. आत डोकावल्या नाहीत. मला त्यांचा पहिल्यांदाच अभिमान वाटला.

संध्याकाळी पुन्हा फोन आला. मयुरी चाचरत म्हणाली, "काकू, आज जोर अगदी नावापुरताच दिसतोय."

सुमित्राबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि त्या हसत होत्या.

"हा याईचा हाये," त्या म्हणाल्या.