आधी वाच, मग सही

"आधी वाच, मंग सही," असं म्हणून आमचे खासदारसाहेब पेनाला टोपण लावायचे आणि खुर्चीत रेलून डोळे मिटायचे. समोरच्याने आपलं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायचं. ज्याला वाचता येत नसे त्याच्यासाठी मी वाचत असे, आणि त्याने मान डोलवायची. मी त्यांच्या बदनापूरच्या ऑफिसात टायपिस्ट होते. दिल्लीला जाण्याआधी साहेब खेड्यातल्या शाळेत मास्तर होते, हे तुम्ही एव्हाना ओळखलंच असेल.

एकदा अंकुशनगरकडचा एक जण बाहेरून कुणाकडून तरी अर्ज लिहून घेऊन आला. वाचता वाचता "माझे वडील वारले असून" इथे तो अडला. साहेबांनी एक डोळा उघडला.

"मंग तुझ्या बाजूला हे कोण बसलंय?"

"वडीलच हायेत, साहेब. लिहिणारा म्हणला, असं लिहिलं की काम जल्दी होतंय."

म्हातारा गालातल्या गालात हसत होता. साहेबांनी आधी त्याला चहा पाजला, मग मला नवा अर्ज टाइप करायला लावला. त्यात वडील जिवंत होते. काम तरीही झालं.

विचारांनी साहेब अगदी जुन्या वळणाचे, आणि त्यात लपवाछपवी नाही. मी रुजू झाले त्याच दिवशी म्हणाले, "बाईमाणसानं हापिसात बसावं हे मला पटत न्हाई. पण टायपिंग तुझं बराबर हाये. बस." त्यांच्या भाषणांत सुनेची जागा चुलीपाशी असायची, आणि ती भाषणं टाइप करायला मी. 'गृहलक्ष्मी' हा शब्द मी झोपेतही टाइप केला असता. माझ्या आईने दुसऱ्याच्या रानात खुरपून मला शिकवलं होतं. मला राग यायचा, आणि तो मी बिचाऱ्या कीबोर्डवर काढायचे.

मग माझं लग्न झालं आणि ती भाषणं माझ्याच घरात येऊन बसली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, साहेबांचे जुने कार्यकर्ते. महिन्याभरात त्यांनी नोकरी सोड म्हणून लकडा लावला. नवऱ्याने पेपर तोंडापुढे धरला. शेवटी मामंजींनी मला साहेबांपुढे नेऊन उभं केलं.

"साहेब, तुम्हीच सांगता, सून घरात शोभती. हिचा राजीनामा घेऊन टाका."

"बराबर हाये," साहेब म्हणाले. "पोरी, टाइप कर."

राजीनाम्याचा मजकूर ठरलेला असतो. तो मी इतरांसाठी अनेकदा टाइप केला होता, त्यामुळे बोटं थांबली नाहीत. डोळ्यांना मात्र नीट दिसत नव्हतं. कागद टेबलावर ठेवला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि डोळे मिटले. मामंजींना वाटलं, आता झालंच.

"मी स्वखुशीने," एवढं मी वाचलं आणि तिथेच अडले.

"काय झालं?"

"हे खरं न्हाई, साहेब."

मामंजी घाईने म्हणाले, "तसं लिहायची पद्धतच हाये की, साहेब."

"वडील वारले म्हणून लिहायचीबी पद्धत हाये." साहेबांनी तो कागद उचलून मामंजींच्या हातात दिला. "माझा विचार आजबी तोच हाये. पण खोट्या कागदावर माझी सही न्हाई. ती राजी झाली की मंग आणा."

मी राजी झालेच नाही. मामंजी दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस माझा घरी राहिलेला डबा घेऊन ते स्वतः ऑफिसात आले आणि टेबलावर ठेवून गेले.

साहेबांना मात्र ही खोड महागात पडली. पक्षाकडून एकदा त्यांच्या नावाचं छापील निवेदन आलं, गावोगावी नळाला पाणी आल्याचं. साहेबांनी ते ऑफिसातल्या गर्दीला वाचून दाखवलं. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "आमच्याकडं तर न्हाई आलं." सही राहिली ती राहिलीच. पुढच्या निवडणुकीत तिकीट दुसऱ्याला गेलं आणि आमचं ऑफिस बंद झालं.

मी परीक्षा दिली आणि जालन्याच्या कोर्टात लघुलेखक म्हणून लागले. पेढे घेऊन साहेबांच्या गावी गेले तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते.

"साहेब, तुमच्यामुळं झालं हे."

"माझ्यामुळं? मी तर विरोधातच होतो!" त्यांनी पेढा मात्र तोंडात टाकला आणि दाराआड उभ्या नातसुनेकडे बोट दाखवलं. "हिला टायपिंग शिकायचंय म्हणती. मला बिलकुल पटत न्हाई. तू शिकवशील का?"

पंधरवड्यात साहेब गेले. तेरावं उरकल्यावरच्या रविवारी नातसून डोक्यावर पदर घेऊन माझ्या दारात हजर झाली. आता दर रविवारी येते. तिची बोटं अजून जड आहेत, पण शिकेल. मामंजी आम्हा दोघींना चहा करून देतात. साहेब असते तर दारातूनच हे बघून तोंड वाकडं करून निघून गेले असते. ते वाकडं तोंड मला एकदा बघायचं होतं.