तापलेली टॅक्सी आणि निवांतराव

माझ्या गाडीने भर चौकात वाफ सोडली, तेव्हा समोरच्या इमारतीतल्या लोकांनी वाळत घातलेले कपडे घाईघाईने आत नेले. बोनेटखाली एखादी आगगाडी बाळंत होत असावी असा आवाज येत होता. कोपऱ्यावरच्या गॅरेजातून एक ढेरपोटे गृहस्थ बाहेर आले. हातात पाने-पकडी असतील म्हणून बघतो तर दोन स्टुलं. एक मला दिलं, दुसऱ्यावर स्वतः बसले. मी फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे झेपावलो, तसं त्यांनी बसल्या बसल्या माझं मनगट धरलं.

"उघडा की. आधी एक फोटो तेवढा काढून घ्या. चेहरा कसा होता, ते घरच्यांना आठवायला बरं."

गिऱ्हाइकं त्यांना निवांतराव म्हणतात. इंजिन गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही आणि तोवर मालकाचा जबाब घ्यायचा, ही त्यांची पद्धत. चढावर तापली की गर्दीत? पाणी कधी भरलं? गाडीखाली ओल दिसते का? जावई निवडतानाही लोक इतकी चौकशी करत नाहीत. त्यांची बायको म्हणते, हे स्वतः कधी तापत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं यांना काम येत नाही.

एकदा मात्र माझ्यासमोर तीच तापली. तिच्या धाकट्या भावाची टॅक्सी सारखी गरम होत होती. दुसऱ्या गॅरेजने इंजिन उघडायला सांगितलं होतं. तेवढी त्याची ऐपत नव्हती आणि टॅक्सीवाचून घर चालत नव्हतं. शेवटी त्याने ती भंगारात द्यायची ठरवली. भंगारवाला दारात उभा, बहीण डोळे पुसत नवऱ्यावर खेकसतेय आणि निवांतराव स्टुलावर. मेव्हणा काकुळतीला आला, तर त्याला म्हणाले, बस, पाणी पी. मग नेहमीचा जबाब, त्यात गाडीला काही नवीन केलंयस का, हेही; मेव्हणा म्हणाला, काही नाही.

गाडी निवली. त्यांनी पाणी पाहिलं, झाकण पाहिलं, इंजिनाचा पट्टा दाबून पाहिला. इंजिन चालू करून पंखा लागतो का ते पाहिलं. सगळं ठीक. मग मेव्हण्याला शेजारी, मला मागे बसवून गाडी हायवेला काढली. गावात शहाण्यासारखा बसलेला तापमानाचा काटा तिथे चढू लागला.

"गावात शहाणी, हायवेवर वेडी," निवांतराव म्हणाले. "हिला वारा मिळत नाही."

परत येऊन, गाडी पुन्हा निवल्यावर, त्यांनी पुढची जाळी खोलली. मागे रेडिएटरवर मच्छरदाणीचं कापड दुहेरी घडी घालून, चारी कडांनी तारेने नीट शिवलेलं. त्यावर धुळीचा असा थर, की मेथी पेरावी.

"काही नवीन केलंयस का, म्हणून मी तुला विचारलं होतं ना?"

"दाजी, ती काही दुरुस्ती नव्हती," मेव्हणा पुटपुटला. "किडे आत जाऊन अडकू नयेत म्हणून काळजी घेतली."

"रेडिएटरला मलेरिया होत नाही रे, राजा."

बहीण रडता रडता हसली. भंगारवाल्याने चहा घेतला आणि रिकाम्या हाताने गेला. इतक्या शांतपणे कुणी एखाद्याचा संसार वाचवलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मेव्हणा ती टॅक्सी अजून चालवतो. सर्व्हिसिंगला दुसरीकडे नेतो. दाजींकडे फार वेळ लागतो म्हणे.