बेवारस प्रोसेस

संशोधन संस्थेचा सर्व्हर तो सांभाळायचा. सर्व्हरवर कोण आलंय, कोण गेलंय, कोणाची कुठली प्रोसेस, म्हणजे कुठलं काम, चालू आहे, याची त्याला खडान्‌खडा माहिती असे. संस्थेत सगळे त्याला पहारेकरी म्हणत. त्याला ते मनातून आवडायचंही.

एका दुपारी त्याने नवी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, लावली. दर तासाला ती लॉग इन असलेल्यांची यादी काढायची, चालू प्रोसेस तिच्याशी ताडून पाहायची आणि जिचा धनी यादीत नसेल ती बेवारस समजून बंद करायची. जेमतेम चाळीस ओळी! पण घरी स्वारी अशी काही तोऱ्यात होती, की बायको म्हणाली, "घरातले दिवे बंद करणारी एखादी लिहा की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दारात. ताई म्हणजे भूजलावर संशोधन करणाऱ्या. अकरा दिवसांनी निवृत्त होणार होत्या. त्यांचं शेवटचं गणित एकवीस दिवस चालणारं, त्यातले एकोणीस झालेले.

"अहो, माझं गणित मध्येच बंद पडलंय. काल काही झालं का?"

त्याने स्क्रिप्टची नोंद पाहिली: बंद केलेल्यांत ताईंचं गणित होतं. गणित चालू ठेवून ताई सहाला लॉग आउट करून घरी गेल्या होत्या. तसं करायला त्यानेच तर शिकवलं होतं.

"लाइट गेली होती हो," तो म्हणाला. "मशीनच बंद पडलं."

"मग तुम्ही तरी काय करणार!" ताईंनी गणित पहिल्यापासून सुरू केलं.

त्याने स्क्रिप्ट काढून टाकली. लाज मात्र काढता येईना. ताई समोरून येताना दिसल्या की हा मागच्या जिन्याने पळे. आरशात स्वतःकडे बघायचीही त्याला शरम वाटे.

अकराव्या दिवशी ताई ड्रॉवर रिकामा करत होत्या, तेव्हा त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. "मशीन दोनशे बारा दिवस सलग चालू आहे. ते कसं बघायचं, हेही तुम्हीच शिकवलंत."

"मग गणित पुरं होईपर्यंत मुदतवाढ का नाही मागितलीत?"

"कारण विचारलं असतं ना. तुमचं नाव माझ्या तोंडून जावं, असं वाटेना. म्हटलं, तुम्हीच सांगाल."

तो मान खाली घालून जागेवर आला. टेबलावर पत्र होतं: ताईंचं खातं आज संध्याकाळी बंद करावं. लॉग इन असलेल्यांच्या यादीत ताईंचं नाव नव्हतं. गणित मात्र चालू होतं; खातं बंद केलं की तेही बंद पडणार होतं. अजून दहा दिवस लागणार होते.

पत्र उचलून तो संचालकांच्या खोलीकडे निघाला. काय सांगायचं ते पाठच होतं. अकरा दिवस तो तेच घोकत होता.