वस्तीवरची कुत्री

दिंडोरीच्या जनावरांच्या दवाखान्यात रेबीजची मोफत लस देत होते. मी आमच्या कुत्रीला घेऊन रांगेत उभी होते. पुढे पन्नाशीची एक बाई होती. जुन्या साडीच्या पट्ट्यांनी बांधलेली तीन गावठी कुत्री तिच्या पायांशी घुटमळत होती.

"सगळी तुमचीच का?" मी विचारलं.

"माझं एकबी नाय. वस्तीवरली हायेत."

सुई टोचताना ती कुत्र्याचं डोकं छातीशी धरायची आणि त्याच्या डोळ्यांवर तळवा ठेवायची. तिघांचं झाल्यावर ती आपणहून बोलू लागली. तिचा नवरा द्राक्षबागेत कामाला होता. तिथे एका पिल्लाचा दात त्याच्या पोटरीला लागला. रक्तही फारसं आलं नव्हतं.

"ते म्हनत व्हते, दवाखान्यात जाऊ. मीच म्हनले, एवढुशा पिल्लाला काय भिता? आन् चुना लावला." तिनं एका कुत्र्याची सैल झालेली पट्टी पुन्हा बांधली. "पुढं महिन्याभरानं पाणी पाह्यलं का घाबरायचे. तहान तर लय लागायची, पन माझ्या हातात तांब्या दिसला का अंग थरथरायचं. दोन दिसांत गेले."

"कुत्र्यांचा राग नाही येत?" मी विचारलं.

"त्यांचा कशापायी? त्यांना काय कळतं?"

कुत्र्यांना घेऊन ती निघाली, पण फाटकापाशी पुन्हा वळली.

"ताई, नुसता ओरखडा निघाला तरी साबणानं धुवा अन् लगेच सुई घ्यायला जा. घरातलं कुनी नको म्हनलं, तरी जा."