हात हलवायचा नाही

"तुम्ही चौघं आज वर बसलात तर बरं होईल. इथे जरा नीटनेटकं दिसायला हवं."

आमच्या टीमच्या मॅडम हसूनच म्हणाल्या. हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात परदेशातले क्लायंट येणार होते. चौघांतली एक मी, यवतमाळकडची. बाकीचे तिघेही असेच, गावाकडून आलेले, काळेसावळे, इंग्रजी बोलताना अडखळणारे. आम्हीच का, हे कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

मी त्या दिवशी नवा कुर्ता घातला होता. क्लायंटना जे दाखवणार होते, ते काम माझं होतं. मला वाटलं होतं, मलाच बोलायला सांगतील. माझा मूर्खपणा.

पाच वर्षं मी तिथे परदेशी माणसांची नावं-पत्ते एका तक्त्यातून दुसऱ्याशी ताडून पाहत होते. जुळलं की हिरवं, नाही जुळलं की लाल. सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढायचं, संध्याकाळी डोळे चोळत उतरायचं. त्या कंटाळ्यातूनच दुबार नावं पकडायची एक सोपी रीत मी बसवली होती. तीच आता खाली मोठ्या पडद्यावर होती. आणि मी वर.

वरची खोली बिनखिडकीची. मोडक्या खुर्च्या. दिवे आपोआप चालणारे, माणूस हलला तरच लागणारे. आम्ही गप्प बसलो, तसे ते विझले. एकाने हात हलवला. उजेड. थोड्या वेळाने पुन्हा अंधार, पुन्हा हात. तिसऱ्या वेळी आम्ही चक्क हसलो. मग आळीपाळीने हात हलवत बसलो. दिव्याला सांगत होतो, आम्ही आहोत हो, आहोत. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

फोन वाजला. खालून मॅडम, दबक्या आवाजात.

"दुबार नावं कशी काढलीत? ते विचारतायत."

"खाली येऊन सांगते."

"नको, नको. फोनवरच सांगा."

"मग नाही सांगत."

मॅडमनी फोन ठेवला. दिवा विझला. शेजारच्याने हात उचलला, तो मी धरून ठेवला. आम्ही अंधारातच बसलो.

दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. "भावनेच्या भरात निर्णय घेऊ नयेत," मॅडम म्हणाल्या. मला भावना आहेत हे त्यांना पाच वर्षांत पहिल्यांदाच कळलं असावं.

माझ्या खोलीतला गुलाब वाळत चालला होता. तो घेऊन लोणी काळभोरच्या एका नर्सरीत गेले. मालकीणबाई, त्यांना सगळे आक्का म्हणतात, रानगुलाबावर डोळा भरत होत्या. साल चिरायची, चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला अंकुर, आत सरकवायचा, पट्टीने बांधायचा. मी बघत उभीच राहिले. शेवटी आक्कांनी चाकू माझ्या हातात दिला.

"हात हलवू नगं. डोळा आत बसू दे."

मी रोज जात राहिले; तीन आठवड्यांनी मी भरलेल्या डोळ्यातून लालसर कोंब आला. मी शेडमध्येच रडले. आता तिथेच काम करते.

आईने वस्तीभर सांगितलं होतं, "माही पोरगी कम्प्युटरवर काम करते." दुसऱ्यांच्या रानात निंदून तिने मला मातीतून बाहेर काढलं होतं. नर्सरीचं सांगितलं, तेव्हा फोनवर ती एवढंच म्हणाली, "मातीतच हात घालाचे होते, त येवढं शिकवलं कायले?" त्यानंतर ती माझा फोन घेत नाही.

वरच्या खोलीतला एक जण अजून तिथेच आहे. क्लायंट आले की आजही वर बसतो, म्हणाला. आता एकटाच.

शेडमधली लाइट गेली की माझा उजवा हात अजून आपोआप वर जातो. कधी झोपेतही जातो. आक्का विचारतात, "कुणाला हाक मारतीस गं?" मी डाव्या हाताने तो धरते आणि खाली आणते.

मी आहे, हे आता हात हलवून सांगणार नाही. दिव्याला नाही. मॅडमला नाही. आईलाही नाही.